'ताई ची'मधली 'ची' नेमकी कोणती? चिनी युद्धकलांतील नावांचे अर्थ

पारिजातक
नमस्कार. गेली दोन वर्षे घराजवळच्या उद्यानात आम्ही पंधरा-वीस जण रोज सकाळी ताई ची करतो. बहुतेक सारे निवृत्त आहेत आणि गुडघ्यांच्या निमित्ताने आलेले आहेत. शिक्षक मनापासून शिकवतात, परंतु नावांचा अर्थ विचारला की त्यांची उत्तरे दर खेपेला बदलतात. पहिल्या महिन्यात त्यांनी सांगितले होते की 'ची' म्हणजे प्राणशक्ती आणि म्हणून 'ताई ची' म्हणजे परमप्राण. मागच्या आठवड्यात मुलाच्या कार्यालयातील एक चिनी बाई आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या की या शब्दात प्राणशक्ती कुठेच नाही.

माझा दुसरा प्रश्न हालचालींच्या नावांविषयी आहे. 'चिमणीची शेपटी धरणे', 'एकेरी चाबूक', 'ढगांचे हात', 'समुद्रतळाची सुई' ही नावे आम्ही इंग्रजी तक्त्यावरून मराठीत आणली. ही नावे केवळ काव्य म्हणून ठेवलेली आहेत, की हात-पाय कसे हलवावेत याची काही सूचना त्यांत दडलेली आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

टिवल्याबावल्या
आमच्या घरी ही विद्या थोरल्या बहिणीने आणली, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून 'ताईची'च आहे. व्युत्पत्तीचा प्रश्न आमच्याकडे कधी उद्भवलाच नाही.

पारिजातक
टिवल्याबावल्या, हा विनोद आमच्या गटात रोज किमान एकदा होतो आणि तो करणारे गृहस्थ दर वेळी तितकेच खूश होतात.

अनुनासिक
पारिजातक, त्या बाईंचे म्हणणे बरोबर आहे. हा घोळ रोमन लिपीचा आहे. एकोणिसाव्या शतकात टॉमस वेड आणि हर्बर्ट जाइल्स यांनी चिनी उच्चार लिहिण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यात महाप्राण व्यंजन दाखवण्यासाठी अक्षरापुढे एक अपॉस्ट्रॉफी देत असत. पुढे छापणाऱ्यांनी आणि फलक रंगवणाऱ्यांनी ते चिन्ह कटकट म्हणून गाळून टाकले आणि 'च' व 'छ' एकाच मापाने मोजले जाऊ लागले. आपल्याला मात्र ही अडचण नाही, कारण देवनागरीत हा भेद जन्मजात आहे. मूळ उच्चार 'थायची छ्वेन' याच्या जवळ जातो. 'थाय' म्हणजे अत्यंत किंवा थोर, 'ची' म्हणजे परमसीमा, आणि 'छ्वेन' म्हणजे मूठ व त्यावरून मुष्टियुद्धाची पद्धत. श्वास किंवा प्राण या अर्थाचा शब्द याहून वेगळा आहे. तो महाप्राण, म्हणजे 'छी' असा आहे. मराठी माणसाने तो भर उद्यानात शुद्ध उच्चारला तर बाजूचे लोक पायाखाली काय आले ते पाहतील, पण उच्चार तोच आहे.

'ची' या अक्षराविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. इसवी सन १०० च्या सुमारास शू शन या विद्वानाने केलेल्या चिनी अक्षरकोशात या अक्षराचा अर्थ दिला आहे तो घराचे आढे असा. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही असे आपण म्हणतो, तेच हे आढे. घराचा सर्वांत उंच भाग म्हणून त्यावरून 'परमसीमा' हा अर्थ आला. 'ई चिंग' या प्राचीन ग्रंथावरील भाष्यात थायचीपासून दोन तत्त्वे निर्माण झाली असे वाक्य आहे. ती दोन तत्त्वे म्हणजे यिन आणि यांग, आणि या शब्दांचे जुने अर्थ डोंगराची सावलीतली बाजू व उन्हातली बाजू असे आहेत. आढ्यापासून दोन उतार निघतात आणि सकाळी त्यांतला एकच उन्हात असतो, हे कौलारू घरात वाढलेल्यांना वेगळे समजावावे लागू नये. शेवटची जुळणी माझी आहे. ग्रंथात ती अशी मांडलेली नाही.

टिवल्याबावल्या
थोडक्यात, वर्गाच्या फलकावर 'थोर आढे मुष्टी' असे लिहावे लागेल. पहिल्याच दिवशी सुतार चौकशीला येतील.

मुक्काम_ग्वांगझौ
अनुनासिक यांनी दोन 'ची' सांगितल्या. मी तिसरी सांगतो. व्यवसायानिमित्त नऊ वर्षे मी ग्वांगतोंग प्रांतात राहिलो. तिकडची भाषा कँटोनीज, आणि विंग चुन ही कला तिथली. विंग चुनमध्ये दोघे समोरासमोर उभे राहून मनगटाला मनगट लावतात आणि समोरच्याचा जोर कुठे वळतो ते कातडीने ओळखण्याचा सराव करतात. त्याला रोमन लिपीत 'ची साउ' असे लिहितात. पाश्चात्त्य देशांतून शिकायला आलेले कितीतरी लोक याचा अर्थ 'ऊर्जेचे हात' असा सांगताना मी ऐकले आहेत. प्रत्यक्षात या 'ची'चा अर्थ चिकटणे एवढाच आहे, डिंक लावल्यासारखे. नाव अगदी रोखठोक आहे, कारण हात सुटू द्यायचे नाहीत हाच त्या सरावाचा नियम आहे.

'कुंग फू' या शब्दाविषयीही असेच आहे. तिथे पहिल्या महिन्यात यजमानांनी मला 'कुंग फू चहा' प्यायला बोलावले, तेव्हा चहानंतर काहीतरी प्रात्यक्षिक असणार अशी माझी समजूत झाली होती. प्रत्यक्षात दोन तास एवढ्याशा पेल्यांतून पुनःपुन्हा ओतलेला चहाच होता. त्या शब्दाचा मूळ अर्थ वेळ आणि कष्ट खर्चून मिळवलेले कसब असा आहे. तो चहाला लागतो, हस्ताक्षराला लागतो, स्वयंपाकाला लागतो. ज्याला कशाचेच धड जमत नाही त्याच्या कसबाला चिनी भाषेत 'तीन पायांच्या मांजराचे कुंग फू' म्हणतात. युद्धकलेसाठी नेमका शब्द 'वूशू' हा आहे, म्हणजे युद्धाची विद्या.

तालमीतला
'कुंग फू'ला मराठी प्रतिशब्द शोधायला लांब जायला नको. तालमीत व्यायामाला व्यायाम म्हणत नाहीत, 'मेहनत' म्हणतात. 'आज मेहनत झाली का' असा प्रश्न असतो. आणि मेहनतीने जे होते त्याला 'कमावलेले शरीर' म्हणतात. वेळ आणि कष्ट घालून कमावलेले, हाच अर्थ मुक्काम_ग्वांगझौ यांनी सांगितला आहे.

पारिजातक यांच्या दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत स्पष्ट आहे. नावे काव्यासाठी नसतात, आठवणीसाठी असतात. 'धोबीपछाड' हा डाव घ्या. प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावर घेऊन त्याला पाठीवरून पुढे आपटायचे, जसे धोबी कपडा दगडावर आपटतो. नाव ऐकले की कमरेत वाकायचे, हात खांद्यावर ओढायचा आणि आपटताना थांबायचे नाही, हे तिन्ही एकदम आठवते. मातीत उभ्या असलेल्या पोराला वस्ताद बाहेरून एक शब्द ओरडून सांगू शकतो, चार ओळींचे वर्णन ओरडू शकत नाही. चिनी नावांचेही तसेच असावे.

सह्याद्रीवारा
चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एक मूलभूत गोष्ट सर्वजण विसरत आहेत. ही सारी विद्या बोधिधर्माने भारतातून शाओलिनला नेली. मग तिच्या नावांचा अर्थ चिनी कोशात शोधण्याऐवजी संस्कृतात का शोधू नये?

पोथीनिष्ठ
सह्याद्रीवारा, तुमच्या विधानातील अर्धा भाग आख्यायिका आहे आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्हाला वाटते त्याहून अधिक रंजक सत्य आहे.

आधी आख्यायिका. शाओलिन विहार इसवी सन ४९५ मध्ये उत्तर वेई राजाने बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी बांधला असे मानले जाते. म्हणजे भारताचा संबंध खरा आहे, पण तो भिक्षू बोधिधर्म नव्हे. बोधिधर्माचे सर्वांत जुने उल्लेख ध्यानाचे शिक्षक म्हणून आहेत, मुष्टियुद्धाचे नाहीत. त्याच्या नावावर खपवलेला 'ई चिन चिंग' हा स्नायू बदलण्याच्या व्यायामांचा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे आणि त्याच्या जुन्या म्हणून दाखवलेल्या प्रस्तावना बनावट आहेत. हे १९३० च्या सुमारास थांग हाओ या चिनी संशोधकानेच दाखवून दिले. शाओलिनच्या भिक्षूंनी शस्त्र हाती घेतल्याचा भक्कम पुरावा ६२१ सालचा आहे, जेव्हा त्यांनी पुढे सम्राट झालेल्या ली शमिनला एका लढाईत मदत केली. त्याची नोंद विहारातील ७२८ च्या शिलालेखावर आहे.

आता सत्य. शाओलिनमध्ये 'लोहान छ्वेन' नावाची पद्धत आहे. 'लोहान' म्हणजे आपला 'अर्हत्'. चिनी भाषेत तो आधी 'आलोहान' झाला आणि पुढे पहिले अक्षर गळाले. तसेच हेनान प्रांतातील चेन घराण्याच्या थायचीमध्ये सुरुवातीलाच एक हालचाल येते, जिचे नाव 'चिनकांग ताओ त्वेई' असे आहे. 'चिनकांग' हा 'वज्र' या संस्कृत शब्दाचा चिनी अनुवाद असून तो विहाराच्या दारावर उभ्या असलेल्या वज्रधारी रक्षकांनाही लावतात. 'त्वेई' म्हणजे धान्य कांडायचे उखळ. वज्रधारी रक्षक उखळात कांडतो, असे ते नाव आहे. एक मूठ वरून खाली दुसऱ्या हाताच्या तळव्यात येते आणि त्याच क्षणी पाऊल जमिनीवर आपटते. ज्याने उखळ-मुसळ पाहिले आहे त्याला वजन कुठे पडायला हवे हे सांगावे लागत नाही. म्हणजे संस्कृत शब्द आत गेला आहे खरा, पण देवळाच्या दारातून गेला आहे, आखाड्याच्या नव्हे.

सह्याद्रीवारा
उखळाचे ठाऊक नव्हते. आख्यायिकेबाबत माझे समाधान झालेले नाही, पण शिलालेखाचे साल लिहून घेतले आहे.

शंकेखोर
'वूशू'मधल्या 'वू' या अक्षराविषयी मी सर्वत्र असे वाचतो की त्यात 'थांबणे' आणि 'भाला' ही दोन चिन्हे आहेत, म्हणून युद्धकला म्हणजे भाला थांबवण्याची कला. हे ऐकायला इतके गोड आहे की मला त्यावर विश्वास ठेवावासा वाटत नाही.

अनुनासिक
शंकेखोर, नावाला जागलात. तो अर्थ बराच जुना आहे हे मात्र मान्य करायला हवे. इसवी सन पूर्व ५९७ मधील एका लढाईनंतर छू राज्याच्या च्वांग राजाने विजयस्मारक उभारायला नकार देताना हेच सांगितल्याची कथा 'च्वो च्वान' या इतिहासग्रंथात आहे, आणि वर उल्लेखलेल्या अक्षरकोशानेही तीच उचलली. परंतु अस्थींवर कोरलेल्या सर्वांत जुन्या लेखांत 'थांबणे' असे समजले जाणारे चिन्ह पावलाचे चित्र आहे. दुसरे चिन्ह लांब दांड्याला आडवे पाते बसवलेल्या 'क' नावाच्या शस्त्राचे आहे. पाऊल आणि शस्त्र एकत्र आले की सरळ अर्थ होतो, शस्त्र घेऊन चाल करून जाणे. म्हणजे राजाची व्युत्पत्ती ही लोकव्युत्पत्ती आहे, फक्त ती सांगणारा राजा असल्याने तिला मान मिळाला.

पोथीनिष्ठ
पारिजातक यांच्या यादीकडे वळतो. तुमचा तक्ता बहुधा १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने तयार केलेल्या २४ हालचालींच्या संक्षिप्त संचाचा असावा, कारण उद्यानांत तोच सर्वाधिक चालतो. त्यातील नावे एका जातीची नाहीत. काही नावे सरळ वर्णन आहेत. 'पान लान छ्वेई' म्हणजे हलवणे, अडवणे, ठोसा. यात काव्य शोधू नये. 'शत्स शौ' म्हणजे 'दहा या अंकाचे हात', कारण चिनी लिपीत दहाचा अंक अधिकच्या चिन्हासारखा असतो. मनगटे एकमेकांवर आडवी ठेवायची, एवढेच.

दुसरी जात चित्रांची. 'रानघोड्याची आयाळ विभागणे' यात दोन्ही हात एकमेकांपासून तिरके दूर जातात, जणू घोड्याच्या मानेवरचे केस दोन बाजूंना सारावेत. 'उंच घोडा चाचपणे' यात तळवा खांद्याच्या उंचीवरून पुढे जातो. तालमीतला यांनी सांगितलेला नियम इथे पुरता लागू पडतो.

तिसरी जात मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिथे लेखक नाही, ऐकणाऱ्याचे कान आहेत. 'चिमणीची शेपटी धरणे' हे 'लान छ्वे वेई'. परंतु चेन घराण्यात त्या जागी 'लान चा ई' आहे, ज्याचा अर्थ अंगरख्याचा घोळ सैलसा कमरेत खोचणे. हेच नाव मिंग काळातील सेनापती छी चिक्वांग यांच्या सोळाव्या शतकातील ग्रंथात ३२ पवित्र्यांच्या यादीत पहिले आहे. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांशी लढण्यासाठी सैनिक तयार करताना त्यांनी ही यादी दिली होती. लांब अंगरखा घातलेला माणूस भांडणाआधी घोळ खोचून घेतो, जसा आपल्याकडे काष्टा मारतात किंवा बाह्या सरसावतात. 'लान चा ई' आणि 'लान छ्वे वेई' भराभर म्हणून पाहा. या विद्या बहुतांशी तोंडी शिकवल्या जात होत्या आणि शिकणाऱ्यांत निरक्षर बरेच होते. एकाने अंगरखा सांगितला, दुसऱ्याने चिमणी ऐकली असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. तसेच 'बाहू मागे गुंडाळणे' आणि 'माकडाला मागे हटवणे' ही एकाच हालचालीची दोन नावे आहेत. मूळ उच्चार 'ताओ च्वेन कुंग' आणि 'ताओ न्येन हौ'. 'दोन शिखरे कानांवर' ही हालचाल काही जण 'दोन वारे कानांवर' अशी लिहितात, कारण 'फंग' हा एकच उच्चार शिखरालाही आहे आणि वाऱ्यालाही.

तालमीतला
नाव ऐकण्यात चुकले, तरी चुकीचे नावही चित्र देते आणि चित्र असले की ते टिकते. 'बाहू गुंडाळणे' कोण लक्षात ठेवील? माकड राहणारच.

शंकेखोर
मग 'एकेरी चाबूक' कोणत्या जातीत? त्या हालचालीत एक हात मागे चोचीसारखा वाकवून ठेवतात. त्यात फटका कुठे आहे?

पोथीनिष्ठ
हा वादाचा मुद्दा आहे. 'प्येन' या शब्दाचा अर्थ चाबूक असा आहेच, पण त्याच शब्दाने लोखंडी किंवा पितळी दंडासारखे ताठ शस्त्रही ओळखले जाते, ज्यात वाकण्याचा प्रश्नच येत नाही. दोन्ही हात ताणून उभा राहिलेला माणूस पाहिला तर मला लवचिक चाबकापेक्षा तो ताठ दंडच अधिक दिसतो. माझे मत आहे, निर्णय नव्हे.

मुक्काम_ग्वांगझौ
माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ याच्या अगदी उलट सांगत. त्यांच्या मते जोर पाठीतून निघून बोटांपर्यंत चाबकाच्या लाटेसारखा जायला हवा, आणि हात ताठ दिसला की ते पंख्याच्या दांडीने कोपरावर मारत. पंखा बांबूचा होता, पण लागत असे.

निरामय
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून थोडा वेगळा मुद्दा मांडते. 'छी' हा शब्द प्राणशक्ती म्हणून सांगितला की रुग्ण एकतर भारावून जातात किंवा हसतात. माझी एक रुग्ण चिनी शिकते. तिने सांगितले की चिनी भाषेत हवामानाच्या शब्दात 'छी' आहे, राग येण्याच्या शब्दप्रयोगात 'छी' आहे, आणि त्या अक्षराच्या पारंपरिक रूपात तांदळाचे चिन्ह असून वर वाफेचे चिन्ह आहे. म्हणजे रोजच्या वापरातला शब्द आहे. 'छी तानथ्येनमध्ये उतरू द्या' ही सूचना मी रुग्णांना 'श्वास बेंबीच्या खाली जाऊ द्या, खांदे उचलू नका' अशी सांगते आणि ती त्यांना ताबडतोब जमते.

अनुनासिक
निरामय ताई, 'तानथ्येन'चा शब्दशः अर्थ हिंगुळाचे शेत असा आहे. हिंगूळ हा ताओ पंथाच्या रसविद्येतील मुख्य पदार्थ. शरीरातच ते औषध पिकवायचे अशी कल्पना. तुमची सूचना अधिक उपयोगी आहे हे मान्य, पण शब्द गाळला तर ते शेतही जाते.

निरामय
शेत राहू द्या. रुग्णांना ते मी दुसऱ्या महिन्यात सांगत जाईन.

पोथीनिष्ठ
एक राहिले. 'लान छ्वे वेई' या एका नावात चार क्रिया आहेत, आणि मूळ शब्द बघितले तर त्या वेगळ्या करता येतात. पहिली 'फंग', यातील 'फ' ओठ मिटून म्हणायचा, शिखरातला नव्हे. हा बाहेर फुगणारा, तोलून धरणारा जोर आहे, ज्याची उपमा जुन्या गीतात नावेला उचलून धरणाऱ्या पाण्याशी दिली आहे. दुसरी 'ल्यू', म्हणजे दाढीवरून हात फिरवावा तसे समोरच्याचा हात आपल्याकडे ओढून बाजूला नेणे. तिसरी 'ची', म्हणजे दाबून पिळणे. चौथी 'आन', म्हणजे तळव्यांनी दाबणे. पुढे 'त्साय' येते, जो चहाची पाने तोडण्याचा शब्द आहे. 'पकडून ओढा' असे न सांगता 'खुडा' असे सांगितले की झटका आपोआप लहान आणि खाली जातो.

टिवल्याबावल्या
वरच्या प्रतिसादात चौथी 'ची' आली आहे, कुणाच्या लक्षात आले का? आढ्याची, श्वासाची, डिंकाची आणि पिळण्याची. आमच्या ताईची धरून पाच.

पारिजातक
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी शिक्षकांना आढ्याचे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नंतर नव्या सदस्यांना 'परमप्राण' असेच सांगितले, तेव्हा तो विषय मी सोडला आहे.

दुसरी गोष्ट मात्र लिहिण्यासारखी घडली. २४ हालचालींत एक 'छ्वान स्वो' आहे. तक्त्यावर तिचे नाव 'शटल' असे होते आणि आम्ही ते बॅडमिंटनचे फूल समजत होतो. मी काल कोशात पाहिले तर तो हातमागावरचा धोटा निघाला, आणि जुन्या संचात ही हालचाल 'रत्नकन्या धोटा टाकते' अशी आहे. हे सांगितल्यावर आमच्यातल्या एक आजी, ज्यांचे बालपण इचलकरंजीत मागाशेजारी गेले, पुढे आल्या आणि म्हणाल्या की तुम्ही सगळे चुकीचे करता आहात. धोटा जायचा तर आधी वरचे धागे उचलले गेले पाहिजेत, आणि त्या फटीतून तो सरळ जातो. वरचा हात म्हणजे उचललेले धागे आणि खालचा तळवा म्हणजे धोटा. आम्ही आजवर दोन्ही हात एकदम पुढे फेकत होतो. त्यांनी करून दाखवले तेव्हा शिक्षकांनी तक्त्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले, आणि ती हालचाल आमच्याकडून सहा वेळा करून घेतली.

तालमीतला
आजींना माझा नमस्कार सांगा. आणि उद्या त्यांना 'आयाळ विभागणे' दाखवून बघा, पण त्यासाठी कुणीतरी टांगेवाला शोधावा लागेल.